टाइम्स न्यू रोमनमध्ये मराठी लिहून दाखवा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा. प्राध्यापक मित्रांना एकच विनंती, पहिला परिच्छेद वाचून लगेच फोन लावू नका. शेवटपर्यंत या, मग शिव्या द्या.

गेल्या आठवड्यात कोर्टासमोरच्या गल्लीतल्या डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. आमच्या साप्ताहिकाची पानं लावायची होती. माझ्या आधी एक ताई नंबरला होत्या. सीनिअर कॉलेजात मराठी शिकवतात, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलं तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. दोन वर्षं फिरून त्यांनी आपल्या भागातल्या सहा गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून मोटेचे शब्द गोळा केलेत. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, चाकाच्या भागांची नावं, बैल मागं आणताना द्यायच्या हाका, पाणी पाटात पडल्यावर वाफ्यापर्यंत जाताना त्याला दर टप्प्यावर काय म्हणायचं ते. विहिरींवर इंजिनं आणि मोटारी बसल्या तशी मोट गेली. मोट हाकलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. हे काम आज झालं नाही तर पुन्हा कधीच होणार नाही.

यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि तो तिसऱ्यांदा परत आला होता. आलेला मेल त्यांनी मला दाखवला. एक, फॉन्ट टाइम्स न्यू रोमन, आकार १२ असा नाही. दोन, संदर्भ एपीए पद्धतीने नाहीत. तीन, शीर्षक मधोमध व ठळक नाही. चार, सारांश २५० शब्दांपेक्षा जास्त आहे. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.

मोटेबद्दल एक अक्षर नाही. चूक काढली असती, 'हा शब्द आमच्याकडे वेगळ्या अर्थाने आहे' म्हटलं असतं, नमुना अपुरा आहे म्हणून निबंध नाकारला असता, तरी समजलं असतं की कोणीतरी वाचलंय.

दुकानातला पोरगा बारावी पास. वीस वर्षांत त्याने या गावातले निम्मे प्रबंध टाइप केलेत. तो म्हणाला, "मॅडम, टाइम्समध्ये मराठी अक्षरंच नसतात. मी काय करू सांगा."

खरं आहे ते. टाइम्स न्यू रोमन हा फॉन्ट लंडनच्या 'टाइम्स' या वर्तमानपत्रासाठी केलेला, १९३२ साली वापरात आला. त्यात देवनागरी नाही. मराठी मजकुरावर तुम्ही तो फॉन्ट लावलात तर कॉम्प्युटर गुपचूप मंगल नाहीतर निर्मला असा कुठलातरी दुसरा फॉन्ट घालून अक्षरं दाखवतो. म्हणजे नियम पाळलेली फाइल आणि नियम मोडलेली फाइल, दोन्ही दिसायला सारख्याच. मग संपादक महोदय तपासतात काय? वरच्या चौकोनात फॉन्टचं नाव काय आहे ते. इंग्रजी नियतकालिकाचं नियमपत्रक कोणीतरी कधीतरी उचललं, मराठीच्या माथी मारलं, आणि हे मराठीत चालतं का हे तपासायचं कष्ट आजपर्यंत कोणी घेतलं नाही.

ताईंच्या निबंधाचा प्रवास ऐका. पहिल्या ठिकाणी श्रीलिपीत मागितला. दुसऱ्या ठिकाणी युनिकोड, आणि संदर्भ एमएलए पद्धतीचे. तिसऱ्या ठिकाणी युनिकोड, एपीए आणि हे टाइम्स न्यू रोमन. आता ज्यांना टायपिंगमधलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजीच्या किंवा चिन्हांच्या खणात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर त्याला कचरा दिसतो. त्यातून युनिकोडमध्ये जाताना कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि कन्व्हर्टर रफार शेजारच्या अक्षरावर टाकतो, पहिली वेलांटी सरकवतो, कधी अनुस्वार खातो. माझ्या बातमीत असं झालं तर वाचक हसतो आणि पुढं जातो. पण ताईंचा विषयच शब्द आहे. सोंदूरचा सोदूर झाला की ती टायपिंगची चूक राहत नाही, तो खोटा पुरावा होतो. उद्या कोणी अभ्यासक तो 'सोदूर' बोलीतला वेगळा उच्चार म्हणून उचलेल. फाइल एका साच्यातून दुसऱ्यात जाताना त्यांच्या यादीत अशा सतरा जागा बिघडल्या. त्यांनी त्या रात्री बसून, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून, एकेक करून काढल्या. सतराच होत्या की आणखी राहिल्यात, त्यांनाही खात्री नाही.

आणि गंमत बघा. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला जुन्या फॉन्टमधली मराठी वाचताच येत नाही, त्याला ती निरर्थक अक्षरांची रांग दिसते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पुढं शिक्षा सुरू होते. श्रीलिपीत अख्खा निबंध चोरलात तर साम्य शून्य येऊ शकतं. प्रामाणिक माणसाला युनिकोडमध्ये आणून घाम फोडायचा आणि चोराला जुन्या फॉन्टची पळवाट ठेवायची, अशी ही व्यवस्था.

आता कोणी म्हणेल, पत्रकारांना शिस्तीचं वावडंच असतं. नाही हो. माझ्या पहिल्या संपादकांनी गावाचं नाव आणि तारीख नसलेली बातमी न वाचता टोपलीत टाकलेली आहे, आणि बरोबर केलंय. संदर्भ म्हणजे पत्ता. तुम्ही जे म्हणता ते कुठून आणलं, मला तिथं जाऊन बघता आलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली तेव्हा त्यांच्या हाताशी कुठली एपीए होती? मूळ कागद काय म्हणतो हे लोकांपुढं आलं पाहिजे, हा ध्यास होता. पत्ता नीट लिहा म्हणणं वेगळं. पत्ता निळ्या शाईत नाही म्हणून पत्र फाडणं वेगळं.

ज्या परदेशी पद्धतींचा आपण एवढा धाक घेतलाय, त्यांची सुरुवातही साधीच होती. एपीएचे पहिले नियम १९२९ साली एका मासिकात आले, सात पानांचे. आजचं पुस्तक चारशे पानांच्या वर आहे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय मासिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले ते कशासाठी? प्रत्येक मासिकाचे नियम वेगळे, लेखकाची दमछाक होते, म्हणून सगळ्यांनी एकच साचा ठेवू या, यासाठी. म्हणजे लेखकाचा त्रास कमी व्हावा म्हणून. आपण तेच औषध उलट्या बाजूने पाजतोय.

त्या नियमांतही मराठीला बसतील असे किती आहेत? २०१९ च्या सातव्या आवृत्तीत एपीएने पुस्तकाचं प्रकाशनस्थळ लिहायचं बंद केलं. त्याआधी ते सक्तीचं होतं. माझ्याकडे आपल्याच विद्यापीठ परिसरातली दोन नियमपत्रकं आहेत. दोन्ही एपीए म्हणतात, एक गाव मागतं, दुसरं गाव लिहिलं तर चूक धरतं. बरं, न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचं गाव नाही लिहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण मराठी पुस्तक वाईला छापलं, धुळ्याला छापलं की बेळगावला, यातून अभ्यासकाला बरंच कळतं. जुन्या पुस्तकांवर शके असतं, त्याचं इसवी सन करताना एका वर्षाचा घोळ होतो, त्यावर नियमपत्रकात ओळ नाही. आडनाव आधी लिहा म्हणे. तुकारामांचं काय लिहू? ग्रेसचं? कुसुमाग्रजांना 'शिरवाडकर, वि. वा.' म्हणून लिहिलं तर कवितासंग्रहावर ते नाव नाही, आणि 'कुसुमाग्रज' लिहिलं तर तपासनीस विचारतो, आद्याक्षरं कुठायत? मी हे ऐकलंय, स्वतःच्या कानांनी.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. ताईंनी शेवटच्या यादीत त्या म्हाताऱ्या माणसांची नावं दिली होती. नाव, गाव, वय, कधी भेटले. अकरा जण. फोनवर त्यांना सांगण्यात आलं की ही नावं काढा, यादीत फक्त ग्रंथ आणि लेख. एपीएमध्ये खरोखरच असा नियम आहे, जे खासगी बोलणं वाचकाला पुन्हा मिळवता येत नाही ते शेवटच्या यादीत घ्यायचं नाही, मजकुरातच कंसात उल्लेख करायचा. एमएलएमध्ये मुलाखत यादीत चालते. म्हणजे दुसऱ्या मासिकात जी माणसं संदर्भ होती, ती तिसऱ्या मासिकात आल्यावर संदर्भ राहिली नाहीत. ज्या निबंधाचा प्रत्येक शब्द त्या अकरा जणांच्या तोंडून आलाय, त्याच्या संदर्भयादीत राहिलं काय, तर वाचनालयातली चार पुस्तकं, ज्यांच्यात मोटेवर दीड पान आहे.

अकरापैकी तीन जण या फेऱ्यांच्या काळात गेले. शेवटचे आजोबा एप्रिलमध्ये. ते ताईंना दर वेळी विचारायचे, "छापून आलं का गं बाई?"

तुम्हाला वाटेल ही एकट्या बाईची रडकथा आहे. २०१९ मध्ये 'प्लॉस वन' या मासिकात याच विषयावर एक पाहणी आली. ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारलं होतं. एका निबंधाच्या नुसत्या मांडणीवर साधारण १४ तास जातात, आणि त्या वेळेची किंमत ४७७ डॉलर. ते पगारी लोक होते, त्यांचे तास संस्थेच्या खात्यावर जातात. आमच्या ताईंचे तास कोणाच्या खात्यावर? डीटीपीचं बिल त्यांनी स्वतःच्या पर्समधून दिलं, मी बघितलं. पोराने शंभर रुपये कमी घेतले.

हे सगळं का चालतं ते आता सांगतो.

२०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी गुणांची पद्धत आणली. निबंध छापला की गुण. पीएच.डी.लाही प्रबंध देण्याआधी निबंध छापलेला हवा, अशी सक्ती होती. ती २०२२ च्या नियमावलीत काढली, पण तोवर धंदा उभा राहिला होता. आयएसएसएन क्रमांक घेतला, चार प्राध्यापकांची नावं संपादक मंडळात टाकली, की मासिक तयार. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. यूजीसीने मान्यताप्राप्त मासिकांची यादी केली, तर त्या यादीतच कचरा शिरला. मे २०१८ मध्ये एका झटक्यात ४३०५ नियतकालिकं काढावी लागली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या मासिकांची तपासणी डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी पुण्यातून केली होती, त्यात ८८ टक्के मासिकं कमी दर्जाची निघाली. विद्यापीठांनी शिफारस केलेली, बरं का. मग २०१९ मध्ये केअर यादी आली. तिच्यातल्या चांगल्या मासिकांच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या, लोक त्यांच्याकडे पैसे भरून बसले. आता केअर यादीही गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, निर्णय मात्र झाला होता ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत. तारीख ओळखीची वाटते ना? त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटत होतो. अभिजात मराठीतलं संशोधन कुठं छापावं आणि ते खरं की खोटं कोणी ठरवावं, हा प्रश्न त्याच दिवशी मोकळा सोडला जात होता.

आता यूजीसी म्हणते, निकष आम्ही सुचवतो, ठरवा तुमचं तुम्ही. ठरवणार कोण? कॉलेजची समिती. समितीत कोण? एक भूगोलाचे सर, एक कॉमर्सचे, एक प्राचार्यांच्या मर्जीतले. मोटेवरचा निबंध यांच्यापुढं आला तर हे काय तपासतील? जे वाचल्याशिवाय तपासता येतं तेच. समास, फॉन्ट, ओळींतलं अंतर, सारांशाचे शब्द. निबंध वाचायला वेळ लागतो, विषय कळावा लागतो, आणि 'हे चूक आहे' म्हणायला हिंमत लागते. समास मोजायला पट्टी पुरते. म्हणून पट्टीचं राज्य आलंय. फॉन्टवरून कोणाचा निबंध परत पाठवला तर कोणी दुखावत नाही, कोणी कोर्टात जात नाही, आणि आपण कडक आहोत असं दिसतंही.

पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांनी ही नस बरोबर ओळखली आहे. माझ्या पाहण्यात त्यांचं नियमपत्रक सगळ्यात देखणं असतं. रंगीत, नमुन्यासकट, दोन रकाने, वर बोधचिन्ह. तुम्ही साच्यात काहीही ओता, मूर्ती तयार.

हे मला कसं माहीत? कारण मी ते केलंय. साप्ताहिकावर घर चालत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी प्रबंधांची मुद्रितं तपासायचो आणि संदर्भयाद्या लावून द्यायचो, पानावर पैसे घेऊन. एक सर आले, सव्वीस संदर्भ होते, म्हणाले किमान चाळीस दिसले पाहिजेत. मी वाचनालयाच्या नोंदवहीतून चौदा पुस्तकं उतरवून काढली. लेखक, साल, प्रकाशक, गाव, सगळं अचूक, स्वल्पविराम जिथल्या तिथे. ती पुस्तकं त्यांनी उघडली नव्हती आणि मीही नाही. काम पसंत पडलं. पुढं ते सर परीक्षक झाले, आता इतरांच्या याद्या तपासतात. ताईंच्या खऱ्या यादीतली अकरा माणसं बाद झाली आणि माझी चौदा न वाचलेली पुस्तकं आजही ग्रंथालयात कापडी बांधणीत बसून आहेत. त्या दिवशी डीटीपीच्या दुकानात मला खाली बघावं लागलं ते यामुळे.

तर मागणं काय? फार काही नाही. निबंध पहिल्यांदा येईल तसा घ्या. वाचा. छापायचा ठरला तरच मांडणीचे नियम पाठवा. हे मी हवेत बोलत नाही. एल्सेव्हिअर ही जगातली बडी प्रकाशन कंपनी, पैसे काढण्यात कोणाला ऐकत नाही, पण तिच्या बऱ्याच मासिकांत पहिल्या वेळी कुठल्याही मांडणीत निबंध चालतो, संदर्भ एकसारखे असले की बास. व्यापाऱ्याला जे कळलं ते विद्यापीठाला कळू नये? दुसरं, मराठीसाठी युनिकोड, एकच, सक्तीने. यात मात्र मला सक्ती हवी आहे. तिसरं, मराठी संदर्भ कसे लिहायचे याचं वीस पानांचं एक पत्रक राज्यातल्या मराठी विभागांनी मिळून करावं. शके, टोपणनावं, संतकवी, हस्तलिखितं, आणि सांगणारी माणसं, या सगळ्यांची सोय असलेलं. भाषेसाठी समित्या नेमायची आपल्याकडे हौस आहेच, एखादी या कामाला लावा.

चांगली माणसं नाहीत असं नाही. काही मराठी नियतकालिकांचे संपादक अजून हाताने खुणा करून लेख परत पाठवतात, फोन करून दोन तास वाद घालतात. त्यांच्याकडे मनुष्यबळ नाही, पैसा नाही, अंक उशिरा निघतो. आणि गुणांच्या घाईत असलेल्या माणसाला उशिराचा अंक परवडत नाही, म्हणून तो आठ दिवसांवाल्याकडे जातो. त्याला तरी किती दोष देणार?

मी ताईंना म्हटलं, शब्दांची यादी आमच्या साप्ताहिकात छापतो, पूर्ण पान देतो, आजोबांच्या फोटोसह. त्यांचे डोळे चमकले आणि लगेच विझले. निबंधासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, हा मजकूर पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेला नाही. आमच्याकडे छापलं तर निबंध बाद, गुण बाद, आणि पुढच्या वर्षी तासिका मिळतील की नाही तेही सांगता येत नाही. त्यामुळे यादी माझ्या टेबलावर आहे आणि मला छापता येत नाही.

चौथ्यांदा पाठवायची मुदत ३० तारखेची आहे. रविवारी अकरा वाजता दुकानात पुन्हा बसणार आहोत, फॉन्टचं नाव टाइम्स दिसेल असं काहीतरी तो पोरगा करून देणार आहे. अकरा जणांची नावं ऋणनिर्देशात घालायची असं ठरलंय, तिथं कोणी हरकत घेत नाही असं ऐकलं.

तोवर एक करा. ज्यांच्या माळ्यावर, गोठ्यात, विहिरीवर मोटेचं चाक, नाडा, काहीही पडलेलं असेल, त्यांनी फोटो काढून पाठवा. घरात मोट हाकलेलं माणूस असेल तर शेजारी बसून शब्द विचारा, जसे उच्चारतील तसे लिहा, माणसाचं नाव आणि गाव टाका. तुमचे शब्द छापायला मला कोणाचं प्रतिज्ञापत्र आडवं येत नाही. वहीच्या कागदावर लिहिलंत तरी चालेल.